तालमीबाहेरची तालीम

द्वारकाबाईंविषयी लिहिताना एक गोष्ट आधी नोंदवली पाहिजे. ज्या प्रसंगामुळे त्या माझ्या कायमच्या लक्षात राहिल्या, त्या प्रसंगातले माझे वर्तन चांगले नव्हते. ते झाकून लिहिता येत नाही, म्हणून इतकी वर्षे लिहिले नाही.

दुसरी लढाई सुरू होण्याच्या पाचसहा वर्षे आधी मी लोणावळ्याच्या प्राथमिक शाळेचा हेडमास्तर होतो. भोवतालच्या खेड्यांतील लहान शाळाही माझ्याच देखरेखीखाली असत. त्या वर्षी कुरवंड्याला मुलींचा वर्ग मंजूर झाला, तोही एक वर्षाच्या बोलीवर. वर्षाअखेरीस डेप्युटीसाहेब येऊन तपासणी करणार, वर्ग नीट चालला असेल तर तो कायम, नाहीतर बंद. तिथे जायला कोणी शिक्षिका तयार होईना. द्वारकाबाई तेव्हा आमच्याच शाळेत दुसरीला शिकवत होत्या.

"मला द्या," त्या म्हणाल्या.

"वाट पाहिली आहे का तुम्ही?"

"वाट रोजच दिसेल. मुली किती आहेत?"

त्या तळेगावकडच्या माळ्याच्या घरातल्या. लहानपणीच विधवा झाल्या. भावाने भाऊबंदांशी वैर पत्करून त्यांना पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात धाडले. त्या भावाचे नाव त्या वर्षातून एकदा, श्राद्धाची रजा मागताना घेत. वय पस्तिशीचे, उंची बेताची, आवाज खालचा. खांद्याला कापडी पिशवी आणि हातात काळी छत्री, बारा महिने. वर्गात खुर्ची असे, परंतु त्यांना खुर्चीवर बसलेले मी पाहिले नाही. खडूची बोटे त्या रुमालाला पुसत, लुगड्याला कधी नाही.

त्यांचा एक शब्द होता, "पुढे?" समोरचा माणूस लांबलचक बोलून थांबला की त्या शांतपणे एवढेच विचारीत आणि वाट पाहत उभ्या राहत. ती शांतता भरून काढण्याचा प्रयत्न त्या स्वतः करीत नसत. कुरवंड्याच्या एका शेतकऱ्याने माझ्यादेखत त्यांना सुनावले होते.

"पोरीला शिकवून काय कलेक्टर करायची हाय व्हय, मास्तरीणबाई?"

"पुढे?"

"पुढं काय? गुरं कोन राखंल? पानी कोन भरंल?"

"पुढे?"

तो गृहस्थ डोके खाजवीत उभा राहिला. "दुपारच्यानं धाडू का मग?"

"सकाळी धाडा," बाई म्हणाल्या. आणि मुलगी सकाळी आली.

दिवाळीपर्यंत सर्व ठीक चालले. दिवाळीनंतर रान सुकते आणि कोळशाच्या भट्ट्या लागतात. त्या वर्षी एका ठेकेदाराने कुरवंड्याच्या अंगाला भट्ट्या लावल्या आणि त्यांवर रावजी नावाचा मुकादम आणला. धिप्पाड, पायांत करकरणारे जोडे, मजुरांवर जरब. भट्ट्यांकडे जाणारी आणि शाळेकडे जाणारी वाट ओढ्यापलीकडे काही अंतर एकच होती. डाव्या हाताला खडक, उजव्या हाताला कारवीने भरलेली घळ, आणि मध्ये दोन हात रुंदीची पाऊलवाट.

एका शनिवारी द्वारकाबाई माझ्या खोलीत आल्या. हातात छत्री नव्हती. मी विचारले.

"मुकादमाकडे आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात तो वाटेत उभा राहून नमस्कार करायचा. दुसऱ्या आठवड्यात वाट सोडेना, मला खडकाला घासून जावं लागायचं. गुरुवारी छत्री काढून घेतली. म्हणाला, उद्या येऊन माग, मग देतो. काल आणि आज मी गाडीवाटेने गेले."

गाडीवाट तिप्पट लांब होती. त्यासाठी त्यांना अंधारात निघावे लागले असणार. मी ते बोललो नाही. मी म्हणालो, "तुम्ही रजा घ्या. मी बदलीचे लिहितो."

"पुढे?"

"पुढे म्हणजे? दुसरी शिक्षिका पाहू."

"कुरवंड्याला?"

मी टाक उचलला. मग म्हणालो, "तर फौजदारांना कळवतो."

"कळवलंत की चौकशी होणार. चौकशीत माझं नाव येणार. मास्तरणीचं नाव वाटेवर पडलं की एकही बाप मुलगी पाठवणार नाही. तपासणीला वर्ग रिकामा." त्या थांबल्या. "मला कुणीतरी शिकवायला हवं. माणूस अंगावर आला तर काय करायचं ते. इथे कोण आहे असं?"

चाळीस वर्षांच्या नोकरीत मला शिक्षकांनी रजा मागितली, बढती मागितली, घरभाडे मागितले. ही मागणी पहिलीच होती.

लोणावळ्यात त्या काळी शिकवणारे दोनच होते. एक तालमीचे वस्ताद, दुसरे पेन्शनीत आलेले एक हवालदार. तिसरा वर्ग पुण्यात होता, त्यांना मी पत्र लिहिले. बाई तिघांनाही एकच प्रश्न विचारणार होत्या. तो त्यांनी घोटून ठेवला होता: दोन हात रुंद वाट, एका अंगाला खडक, एका अंगाला घळ, खांद्याला पिशवी, समोरून माणूस येतो, काय करायचे?

वस्तादांनी मला बसायला खुर्ची दिली आणि बाईंना ओट्याकडे बोट दाखवले. प्रश्न ऐकून म्हणाले, "सोपं हाय. त्याची कंबर धरायची, टांग मारायची अन उचलायचा."

"आणि दोघंही घळीत?"

वस्ताद मनापासून हसले. "बरुबर हाय तुमचं. कुस्तीला आखाडा लागतो. पन बाई, खरी अडचन निराळीच हाय. बाईमानूस मातीत उतरलं तर उद्या माजी पोरं तालमीत यायची न्हाईत. घरी येऊन शिकवतो म्हनावं, तर आमची कारभारीन मलाच चीत करंल."

हवालदार पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. मैदानात ते मुलांना लाठी शिकवत. त्यांनी बाईंना नमस्कार केला, उभे राहूनच प्रश्न ऐकला, आणि लाठीचे महत्त्व सांगितले. पहिले सहा महिने सलामी आणि पायखेळ, मग वार, मग बचाव.

"लाठी किती हातांची?" बाईंनी विचारले.

"साडेतीन."

"आणि वाट दोन हातांची. फिरवायची कशी?"

हवालदारांनी लाठी आडवी धरून पाहिली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या पलटणीत असता तर आमची चार माणसं वाचली असती." पण शिकवण्याचे त्यांनी पुन्हा काढले नाही.

पुण्याहून छापील पत्रक आले. स्त्रियांचा स्वतंत्र वर्ग, शिस्तबद्ध कवायत, लेझीम, मुद्गलांची जोडी, फक्त मे महिन्यात. बाईंनी पत्रक वाचून त्याची घडी केली.

"मे महिन्यात शाळेला सुटी असते," त्या म्हणाल्या. "सुटीत मला कोण अडवणार?"

अशा रीतीने पर्याय संपले. मला वाटले, आता त्या बदली मागतील. तसा अर्ज मी मनाशी तयारही केला होता.

स्टेशनाबाहेर टांग्यांच्या अड्ड्याजवळ कासमभाई नालबंदाचे दुकान होते. दुकान म्हणजे एक छपरी, मागे अंगण, अंगणात तट्टे. कासमभाई नाल ठोकी आणि त्याची आई हलिमाबी जनावराचा पाय धरून उभी राही. सत्तरीची म्हातारी, अंगाने वाळलेली, हिरवे लुगडे आणि डोक्याला घट्ट फडके. टांगेवाले तिला मावशी म्हणत. माणसांचे आणि जनावरांचे निखळलेले सांधे बसवण्यात तिचा हात होता, त्यामुळे सगळा मावळ तिला ओळखत असे. एका संध्याकाळी एक बुजरे घोडे तिथे लाथा झाडू लागले. टांगेवाला तीन पावले मागे सरला आणि नेमका तिथेच त्याला लाथ बसली. म्हातारी मात्र घोड्याच्या मांडीला मांडी लावून उभी होती. घोड्याने पुन्हा झटका दिला, तशी ती नुसती हलली.

द्वारकाबाई रस्त्यात थांबून हे पाहत होत्या. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला लागलं कसं नाही?"

"लागाया जागा पायजे, बाई. जागाच न्हाई दिली त्याला." म्हातारीने पाय सोडून हात पुसले. "लाथंपास्नं लांब ऱ्हावं, न्हाईतर लगट जावं. मदी उभं ऱ्हायलं की मेलं मानूस."

बाईंनी आपला घोटलेला प्रश्न तिलाही विचारला. ती म्हणाली, "वाट दाव मला."

हे मला कासमभाईने सांगितले. त्या आदितवारी म्हातारी, मागे चार पावलांवर तो, आणि पुढे बाई, असे तिघे ती वाट पाहून आले. म्हातारीने वाटेवरचा मुरूम पायाने घासून पाहिला, खडकाला हात लावून पाहिला, घळीत डोकावली. मग विचारले, "कोन आडवं येतं?" बाईंनी नाव सांगितले. कासमभाईचे तोंड उतरले, कारण भट्ट्यांची सगळी तट्टे नाल मारायला त्याच्याचकडे येत.

"अम्मा, गिऱ्हाईक हाय आपलं," तो म्हणाला.

"व्हय. म्हनून तर वळखते मी त्याला," म्हातारी म्हणाली. "उद्यापास्नं ये गं, साळा सुटल्यावर."

महिनाभराने माझ्याकडे निनावी चिठ्ठी आली. मास्तरीण रोज नालबंदाच्या अंगणात जाते, हे शाळेला शोभते काय, असा मजकूर होता. चौकशी करणे माझे काम होते. मी गेलो. कासमभाई अंगणाकडे पाठ करून बसला होता आणि कानशीने नाल घासत होता. बाई आत असेपर्यंत तो असाच बसे, हे मागून कळले. अंगणात म्हातारीने बाईंच्या खांद्यावरची पिशवी धरली होती आणि ती ओढत होती. बाई मागे रेलत होत्या आणि त्यांचा मोकळा हात पदर सावरत होता.

"पुन्ना ग्येला हात," म्हातारी म्हणाली. "मी पिशवी वडते आन तू पदर धरतीस. एक हात मी धरला, दुसरा पदरानं धरला. ऱ्हायलं काय तुज्याजवळ?"

"आपोआप जातो," बाई म्हणाल्या.

"आठव्या वर्सापास्नं शिकलीयास. जानारच. पडूं दे पदर."

मी दारात उभा होतो हे बाईंना दिसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आले ते मी पूर्वी कधी पाहिले नव्हते, आणि ते माझ्यामुळे आले होते. मी निघून यायला हवे होते. मी खाटेवर बसलो.

म्हातारीने माझ्याकडे पाहिले, छपरीतून नालेचा एक खिळा उचलला, चिमट्याने वाकवला आणि बाईंचा पदर खांद्यावर चोळीला अडकवून टाकला. "घे. ह्यो धरंल त्याला. तू तुजा हात मोकळा ठेव." पुन्हा पिशवी ओढली. पुन्हा हात खांद्याकडे गेला, पण निम्म्यात थांबला. त्या दिवशी मी पाहिले तेवढ्यात हे वीसेक वेळा झाले असेल. मारायचे कसे, हे म्हातारीने एकदाही सांगितले नाही. ओढ बसली की मागे रेलायचे नाही. समोरच्याच्या पायाकडे पाहायचे. तो ज्या जागी पाय टाकणार ती जागा त्याच्या आधी आपण घ्यायची. एवढाच तिचा धडा होता.

"हाताकडं बघूं नगंस," ती सांगे. "हात खोटं बोलतो. जनावर असूं दे न्हाईतर मानूस, पाय खोटं बोलत न्हाई."

तेवढ्यात बाहेर तट्टांच्या टापा वाजल्या आणि करकरणारे जोडे ऐकू आले. म्हातारीने बाईंना गवताच्या गंजीमागे लोटले. रावजी मुकादम आत आला.

"काय हेडमास्तर, तट्टू घेताय काय?" तो मला म्हणाला. "घ्या, घ्या. तुमच्या मास्तरणीला लय लांबनं चालावं लागतं म्हनं हल्ली."

त्याच्या काखेत काळी छत्री होती. मी ती ओळखली. मी त्याला म्हणालो, "तपासणीची तयारी चालू आहे." याचा त्याच्या बोलण्याशी काही संबंध नव्हता.

म्हातारी शांतपणे म्हणाली, "रावजी, ह्ये तट्टू लंगडतंय बघ. जरा हिकडनं तिकडं चालवून दाव." त्याने चालवले. "आता थांबीव. वळीव. पुन्ना आन." तिने त्याला अंगणात चार फेऱ्या घालायला लावल्या. तट्टू लंगडत नव्हते, हे मलाही दिसत होते.

तो गेल्यावर बाई गंजीमागून बाहेर आल्या.

"काय दिसलं?" म्हातारीने विचारले.

"थांबताना उजव्या टाचेवर रेलतो. वळताना आधी डावा पाय टाकतो."

"आन?"

"छत्री माझीच होती. तिची मूठ फुटली आहे."

म्हातारीने मान हलवली. "छत्री बघितलीस म्हंजी हात बघितलास. अजून न्हाई. त्या वाटंनं जाऊं नगंस. मी सांगंन तवाच जा."

त्या निनावी चिठ्ठीवर मी 'चौकशी केली, तथ्य नाही' असे लिहून ती फाइल केली.

माघ गेला. बाई रोज गाडीवाटेने जात, संध्याकाळी अंगणात येत. म्हातारी 'जा' म्हणत नव्हती. फाल्गुनात तपासणीचा दिवस ठरला. डेप्युटीसाहेब सकाळी साडेदहाला कुरवंड्यात असणार होते. बाईंना मी आदल्या दिवशी सांगितले, "तुमच्याबरोबर शिपाई देतो. एकट्या जाऊ नका." त्या म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई निघण्यापूर्वी मी त्यांना निरोप पाठवून शाळेत बोलावले. वर्षाच्या हजेरीचा गोषवारा नव्या नमुन्यात हवा होता, जुना चालणार नव्हता. तो नमुना माझ्याकडे दोन दिवस पडून होता. बाईंनी तो बसून भरला. भरून होईपर्यंत साडेनऊ झाले. इतक्यात साहेबांची गाडी वेळेपूर्वी आली, त्यांच्याबरोबर दोन पेट्या होत्या, आणि मी शिपाई पेट्यांसाठी घेतला.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी शिपायाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आता गाडीवाटेने पोचणार नाही," त्या म्हणाल्या.

"साहेबांच्या गाडीत जागा..." मी म्हणालो, आणि साहेबांकडे पाहिले. साहेब जुन्या वळणाचे होते. त्यांना विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

बाईंनी गोषवारा पिशवीत घातला, खांद्यावरचा वाकवलेला खिळा चाचपला आणि त्या ओढ्याच्या दिशेने गेल्या.

आम्ही गाडीवाटेने निघालो आणि गाडी पुढे जाईना तिथून चालत कुरवंड्याला पोचलो. सतरा मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाई नव्हत्या. साहेबांनी घड्याळ काढले, पाहिले, खिशात ठेवले. मी म्हणालो, वाट अवघड आहे. ते म्हणाले, "शिक्षिका हजर नसेल तर मी तपासू काय?" गावचे पाटील चहा करवतो म्हणाले. साहेबांनी नको म्हटले. एका लहान मुलीने विचारले, "बाई येनार न्हाईत का?" तिला थोरलीने दापले. साहेबांनी पुन्हा घड्याळ काढले.

मी दारात जाऊन उभा राहिलो. तिथून वाटेचे शेवटचे वळण दिसते. मी त्या वळणाकडे पाहत होतो आणि ती वाट, तिची रुंदी, तो खडक आणि ती घळ मला इतकी स्पष्ट दिसत होती की जणू मीच रोज तिथून जात होतो. प्रत्यक्षात मी त्या वाटेने एकदाही गेलो नव्हतो.

बाई आल्या. धावत नव्हत्या. लुगड्याच्या काठाला लाल माती, डाव्या कोपराला खरचटलेले, पिशवीचा एक बंद तुटलेला. डोक्यावरचा पदर पूर्ण खाली आला होता आणि खांद्यावर खिळ्याला लोंबत होता. त्या साहेबांसमोर तशाच उभ्या राहिल्या. साहेबांच्या भुवया वर गेल्या. बाईंनी पिशवीतून गोषवारा काढून टेबलावर ठेवला, हजेरीपट त्याच्याशेजारी ठेवला, दोन्हींच्या कडा जुळवल्या, आणि मग पदर डोक्यावर घेतला.

"उशीर झाला, क्षमा असावी. वर्ग घ्यावा का?"

"घ्या," साहेब म्हणाले.

त्यांनी फळ्यावर लिहिले. अक्षर नेहमीसारखे सरळ होते. मी ते मुद्दाम पाहिले. मुलींनी वाचले, पाढे म्हटले, नकाशात पुणे दाखवले. साहेबांनी जाताना शेरा लिहिला: वर्ग कायम करण्यास हरकत नाही.

परतताना साहेब पुढे गेले. मी बाईंजवळ रेंगाळलो. त्यांनीच सांगितले, आणि ते सगळे एका वाक्यात सांगितले.

"हात पदराकडे गेला नाही."

"आणि तो?"

"छत्रीसकट खाली गेला. कारवीत अडकला. शिव्या देत होता, म्हणजे शुद्धीवर होता. मी थांबले नाही."

संध्याकाळी मी नालबंदाच्या अंगणात गेलो. मुकादम मला दारातच भेटला. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता आणि चेहरा पांढरा पडला होता. त्याने मला पाहून न पाहिल्यासारखे केले. मजुरांनी त्याला तट्टावर घालून आणले होते. निखळलेला खांदा बसवायला लोणावळ्यात हलिमाबीशिवाय कोण होते?

तो गेल्यावर म्हातारी म्हणाली, "मी खांदा हातात धरला आन इचारलं, कसं झालं रं? म्हनला, घसरलो. मी म्हनलं, व्हय बाबा, मुरूमच हाय तितं." तिने गुडघ्यावर हात टेकून मला जवळ बोलावले. "हेडमास्तर, तुमी लिवनारं मानूस. त्यो घसरला. समदी असंच म्हनायचं. ती बी असंच म्हनंल. तुमी काय म्हनाल?"

"घसरला," मी म्हणालो.

"बाईनं पाडला म्हनून कुटं नुसतं कुजबुजलं, तरी त्याला पुन्ना यावं लागंल. चार मानसं घिऊन येईल. त्याला खोटं बोलाया जागा ऱ्हाऊं द्या." ती उठली. "आन त्या पोरीला सांगा, मी जा म्हनलं न्हवतं. तरी ग्येली. उद्या तिला बोलनार हाय मी."

"ती चूक माझी होती," मी म्हणालो. म्हातारीने माझ्याकडे पाहिले आणि ती गंजीतले गवत तट्टांपुढे टाकू लागली.

द्वारकाबाईंनी त्या दिवसाविषयी कुणाला काही सांगितले नाही. शाळेत कोणी मुकादमाच्या खांद्याचा विषय काढला, की त्या म्हणत, घसरला म्हणतात. भट्ट्यांची तट्टे कासमभाईकडे येत राहिली. पुढे सहा वर्षे त्यांनी कुरवंड्याचा वर्ग चालवला. लढाई लागल्यावर देहूरोडला नव्या वस्तीत शाळा निघाली, तिकडे त्यांची बदली झाली. मग मी निवृत्त झालो. आमची पुन्हा भेट झाली नाही. त्यांची पत्रे आली ती नव्या वर्षाच्या अंकलिप्या पाठवाव्यात एवढ्यापुरती.

मला त्या दिसतात त्या तपासणीनंतरच्या सोमवारी. त्याआधी शनिवारी मी शिपाई त्यांच्याबरोबर धाडला होता. त्यांनी तो ओढ्यावरूनच चिठ्ठी देऊन परत पाठवला: शिपायास शाळेत कामे असावीत. सोमवारी सकाळी मी फिरायला जातो असे घरी सांगितले आणि ओढ्याअलीकडच्या टेकाडावर जाऊन उभा राहिलो. तिथून समोरची वाट पूर्ण दिसते.

ओढ्याकाठी भट्ट्यांचे सातआठ मजूर विड्या ओढत बसले होते. त्यांच्यात हात गळ्यात बांधलेला मुकादम होता. तो काय करील हे कुणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते, आणि समजा त्याने काही केले असते, तर टेकाडावरून मी काय करणार होतो याचाही मी विचार केला नव्हता.

द्वारकाबाई आल्या. मजुरांचे बोलणे थांबले. त्या त्यांच्यामधून नेहमीच्या चालीने गेल्या, नजर खाली, माणसांच्या पायांवर. मुकादमाने पाय आखडून घेतले. एवढेच झाले. त्या दगडांवरून ओढा ओलांडून पलीकडे चढल्या आणि खडकाच्या वळणाआड गेल्या. मजुरांना त्या दिसेनाशा झाल्या. मला दिसत होत्या.

तिथे त्या थांबल्या. खडकाला पाठ लावून खाली बसल्या, अगदी वाटेवरच. पिशवी मांडीवर घेतली. बराच वेळ त्या तशा बसल्या. मग एका पायातली वहाण काढून तिच्यातला खडा झटकला आणि ती पुन्हा घालू लागल्या. पट्टा टाचेवर चढेना. त्या तीनदा वाकल्या. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी तो चढवला.

नंतर त्या उठल्या, लुगडे झटकले आणि कुरवंड्याकडे चालू लागल्या.